शालिनीबाईंची पाठ

बाई गेल्या हे मला मी शिकवते त्या शाळेच्या ओट्यावर कळलं. खिचडी वाढून झाली होती, मुलं हात धुवायला नळावर गेली होती आणि मी मागे राहिलेली ताटं गोळा करत होते. तेवढ्यात वैशाखऱ्याहून रेखावहिनींचा, म्हणजे बाईंच्या भावजयीचा फोन आला. "मीनाताई, आमच्या ताई गेल्या गो..." एवढंच त्या बोलल्या, मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मला काही सुचेना, म्हणून मी उरलेली ताटं उचलली. गुडघे वाकवून, ताटं पोटाशी धरून, कमरेतून न वळता पावलं फिरवून... अगदी बाईंनी शिकवलं तसं. नंतर माझा मलाच भयंकर राग आला. इतकी मोठी बातमी कानात आहे आणि ही बया ताटं उचलायची पद्धत सांभाळते आहे! या गोष्टीला सहा आठवडे झाले, तो राग अजून गेलेला नाही, आणि तो ताटांचा नाही हेही मला ठाऊक आहे. कशाचा आहे ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

शालिनीबाई किन्हवलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये पीटीच्या शिक्षिका होत्या. मूळच्या वैशाखऱ्याच्या. घरातल्याच नव्हे, त्यांच्या सगळ्या वस्तीतल्या नोकरीला लागलेली पहिली मुलगी त्याच. ठेंगण्या, सावळ्या, पंजाबी ड्रेसवर पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "टाइम नाय मिळाला," आणि विचारणारीला तिथल्या तिथे खांदे मागे घ्यायला लावायच्या. निवृत्त झाल्यावर भावाकडे न जाता किन्हवलीतच दोन खोल्यांत राहिल्या आणि सकाळी सहाला गावच्या समाजमंदिरात बायकांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी तिघी आल्या. त्यातल्या दोघी, बाई नक्की काय करतात हे बघून गावात सांगायला आल्या होत्या.

मी गेले ती माझ्या मूर्खपणामुळे. चाळिशी आली, पोट सुटलं, आणि फोनवर एक मुलगी दिसली. जमिनीवर बसून पाय अधांतरी धरायचे, हातात पाण्याची मोठी बाटली घ्यायची आणि उजवीकडे-डावीकडे सटासट वळायचं, म्हणजे म्हणे कंबर महिन्यात बारीक होते. मी दोन लिटरची बाटली घेतली आणि पाठीचं धनुष्य करून अशी काही घुसळण सुरू केली की चौथ्या दिवशी भाजी चिरता चिरता जी जखडले ती सरळच होईना. नवऱ्याने मला रिक्षात घातलं ते दोन्ही बाजूंनी धरून, कपाट चढवावं तसं. डॉक्टरांनी आराम सांगितला, स्नायू धरलाय म्हणाले, आणि थोडं चालायला लागल्यावर कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी मला त्या मुलीसारखं करून दाखवायला सांगितलं, बाटलीशिवाय, हळू. मी दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं आणि विचारलं, "बाटलीतलं लोणी आलं का गो वर?" मग इतक्या हसल्या की मलाही हसू आलं, आणि हसताना पाठीत कळ आली तेव्हा त्यांनीच पटकन हात धरून खाली बसवलं.

त्यानंतर पूर्ण पंधरा दिवस त्यांनी मला वळूच दिलं नाही. नुसतं बसायचं. बाकड्याच्या कडेला, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, कुणी वरून शेंडीला धरून ओढतंय असं ताठ, आणि श्वास सोडताना पोट किंचित आत. मी कंटाळून म्हटलं, "बाई, हा कसला व्यायाम?" तर म्हणाल्या, "खांब उभा नाय, आन तुला छप्पर फिरवायचंय!" पुढे त्यांनी माझ्याच शाळेतली एक शंभर पानी वही माझ्या दोन गुडघ्यांमध्ये ठेवली. हात छातीवर घडी करून, श्वास सोडत, फक्त छाती उजवीकडे न्यायची. नाक छातीच्या हाडासोबत जायला हवं, मान एकटी पुढे पळता कामा नये. वही सरकली की समजायचं, कंबर फिरली, चूक झाली. "बेंबी समोर, छाती बाजूला," हे त्यांचं वाक्य आता किन्हवलीतल्या निम्म्या बायकांना पाठ आहे. झटका नाही, जोर नाही. जिथे अडतं तिथे थांबायचं, मग हळू मधे यायचं, मधे एक श्वास, आणि मग दुसरी बाजू. मला वाटायचं मी पार मागची भिंत बघीन. प्रत्यक्षात जेमतेम खिडकीपर्यंत पोचायचे. बाई म्हणायच्या, "खिडकीपर्यंतच हाय तुझं. तेवढं नीट कर." चार महिन्यांनी हातात बाटली दिली ती अर्ध्या लिटरची, आणि तीही छातीला चिकटवून धरायची.

पण बाईंना खरी काळजी आमच्यासारख्या फोन बघून पाठ मोडून घेणाऱ्यांची नव्हती. त्यांना काळजी होती ती आवणीची. भाताची रोपं लावताना बायका चिखलात ओणव्या उलट चालत जातात आणि रोपांच्या जुड्या त्यांच्या मागे टाकलेल्या असतात. हातातली जुडी संपली की ओणव्यानेच कमरेतून वळून मागची उचलायची, आणि पाय असतात चिखलात रुतलेले. दिवसभरात हे किती वेळा होतं ते त्या बायकांनाही सांगता येणार नाही. बाई एका आवणीत सलवार गुडघ्यापर्यंत ओढून शेतात उतरल्या आणि ओरडून सांगू लागल्या, जुडी मागे नको, बाजूला टाका. आधी थोडं उभं राहा, पाय उचला, सगळं अंग तिकडे फिरवा, मग वाका. कमळामावशी आमच्या वर्गातली सगळ्यात थोरली, आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं लावून देणारी. ती ओणव्यानेच म्हणाली, "बाई, चिखलात पाय उचलाया टाइम कोनाला हाय गो? तू शिट्टी वाजवशील आन आमी रातपातूर एकच खाचर लावू." सगळ्या हसल्या. बाई तिच्या शेजारी ओणव्या झाल्या आणि दुपारपर्यंत आपल्या पद्धतीने लावत राहिल्या. मावशीच्या मागे पडल्या, पण फार नाही. दुसऱ्या दिवशी मावशीच्या जुड्या बाजूला होत्या. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

वर्गात त्यांचा एक नियम होता. आपल्याला आपली पाठ दिसत नाही, म्हणून प्रत्येकीला एक जोडीदारीण हवी. एकीने करायचं, दुसरीने मागे उभं राहून बघायचं. खांदा उचलला, कंबर फिरली, चेहरा आक्रसला की बघणारीने "थांब" म्हणायचं, आणि करणारीने वाद न घालता थांबायचं. बायकांना हे जमायला वेळ लागला. घरात कुणी थांब म्हणत नाही, आणि म्हटलं तरी थांबून कसं चालेल? मी शेवटी आलेली, माझ्यासाठी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाईच माझ्या जोडीदारीण झाल्या. त्या माझी पाठ बघायच्या आणि त्या करत तेव्हा मी त्यांची. नऊ वर्षं. त्यांच्या घामाने ड्रेसवर कुठे डाग पडतो, डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली कसा आहे, वळताना आधी कुठली बरगडी हलते, सगळं मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होते.

गेल्या दिवाळीनंतर बाई वेगळ्या वळायला लागल्या. मागून हाक मारली की त्या मान वळवत नसत, छातीही नाही. थांबायच्या, एक पाऊल टाकायच्या, मग दुसरं, आणि आख्ख्या आपल्याकडे फिरायच्या. एसटीत खिडकीशी बसायच्या बंद झाल्या, दाराजवळच्या पहिल्या बाकड्यावर बसायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. आणि आम्हाला काय वाटलं असेल? आम्हाला वाटलं, बाई आम्हाला दाखवताहेत! पाय उचला, सगळं अंग फिरवा, हेच तर त्या इतकी वर्षं सांगत होत्या. आम्ही कौतुक केलं. एकमेकींना म्हणालो, बघा, बाई हाकेलासुद्धा कशा शिस्तीत वळतात. मी तर माझ्या चौथीच्या वर्गात ते करून दाखवलं आणि मुलांकडून करून घेतलं. कमळामावशी गावातून जाताना मुद्दाम तशी वळायची आणि बाई हसायच्या. हसायच्या... आता आठवतं, की हसताना त्या हात भिंतीला टेकवायच्या.

संक्रांतीच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, "मीना, आता तू पुढं उभी राहून दाखव. मी बघते." मला काय आनंद झाला होता! घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, बाईंनी वर्ग माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी पुढे आणि त्या मागे खुर्चीत. मी त्यांची पाठ बघायची थांबले, कारण त्या करतच नव्हत्या. का करत नाहीत हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, मी इतकी खूश होते. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "कूस बदलताना जाग येते गो हल्ली." मी मोठ्या तज्ज्ञासारखं सांगितलं की गादी जुनी झाली, काथ्याची घ्या. वर्गात त्यांनीच शंभरदा बजावलं होतं, हालचाल केल्यावर दुखतं त्याची जात निराळी, पण पडून राहिल्यावर, झोपेतून उठवून दुखतं, त्याला व्यायाम नाही, डॉक्टर. हे मला पाठ होतं. दुसरी कुणी असती तर मी लगेच म्हटलं असतं. पण त्या बाई होत्या ना. पाठ दुखते ती आमची, बाईंची कशी दुखेल?

चैत्रात एक दिवस त्या बूट घालायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत. शहापूरला नेलं, तिथून कल्याणच्या दवाखान्यात. आजार दुसरीकडेच सुरू होऊन मणक्यापर्यंत आला होता. डॉक्टर फार सभ्यपणे बोलले, पण "उशीर" हा शब्द त्यांनी वापरला आणि मग मला पुढचं ऐकू आलं नाही. बाहेर बाकड्यावर बसून मी त्यांना विचारलं, अगदी रागावून विचारलं, "कधीपासून दुखतंय?" त्या म्हणाल्या, "गणपतीपासून." म्हणजे दिवाळीच्याही आधीपासून! "मग बोलला का नाहीत?" त्या आपल्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं माझंच कायतरी चुकतंय. नीट केलं तर जाईल. सकाळी उठून दार लावून, वही घेऊन करायची मी, अगदी पहिल्यापासून, तुला शिकवलं तसं... आन लोकांना काय सांगू? पाठीच्या बाईची पाठ गेली?" मी त्यांचा हात धरला. त्यांनी कधी कुणाला हात धरू दिला नव्हता, तेव्हा दिला.

शेवटचे दोन महिने त्या वैशाखऱ्याला भावाकडे होत्या. मी दर रविवारी मुरबाडला एसटी बदलून जायचे. घाटाकडच्या त्या रस्त्याला त्यांची खोली होती, खिडकीतून सागाची झाडं दिसायची. त्यांना आता स्वतःची कूस बदलता येत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मणका कच्चा झालाय, वळवताना शरीराला पीळ पडता कामा नये. खांदा आणि कंबर एकदम, ओंडका फिरवावा तसं. खाली चादरीची घडी घालून एका बाजूला रेखावहिनी, एका बाजूला मी. पहिल्या वेळी घाईत मी खांदा आधी ओढला. त्यांच्या तोंडातून आवाज आला, तो मी कधीच विसरणार नाही. मी रडायला लागले. बाईंनी डोळे मिटूनच हुकूम सोडला, "रडू नको, आधी गुडघा टेकव गादीवर. तुझी पाठ वाकलीय. वहिनी, तुमी मोजा. तीनला. खांदा नि कंबर संगं." आम्ही तीनला त्यांना वळवलं. नऊ वर्षं ज्या बाईने छाती वेगळी आणि कंबर वेगळी करायला शिकवलं, तिला आम्ही तिच्याच हुकमाने अखंड फिरवत होतो. आणि तशा स्थितीत ती माझी पाठ बघत होती. माझी! मला तिची बघता आली नाही, आणि ती मरताना माझी बघत होती.

शेवटच्या रविवारी मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. म्हटलं, "बाई, मी तुमच्या मागे उभी होते. मला दिसायला हवं होतं." त्या म्हणतील, जाऊ दे गो, तुझा काय दोष, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी गेले होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. बाई खोटी शाबासकीसुद्धा कधी द्यायच्या नाहीत. म्हणाल्या, "हां. दिसायला पायजे होतं." मग, "मी पण बोलायला पायजे होतं. दोघी चुकलो." एवढंच. मला माफ केलं की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही. पण "दोघी" म्हणाल्या. त्या शब्दाला मी धरून आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी किन्हवलीतून आम्ही अख्खी गाडी भरून बायका गेलो. वंदना झाल्यावर सगळ्या रांगेने फुलं वाहायला उठल्या, तेव्हा रेखावहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताईंच्या सगळ्या बायका ताईंसारख्या उठतात गो." खरंच, प्रत्येकजणी आधी पाय जवळ घेऊन, पुढे झुकून, पाठ सरळ ठेवून उठत होती. मला ते बघवेना म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

त्यानंतर महिनाभर वर्ग बंदच होता. आवणी चालू आहे, बायकांना वेळ नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मला पुढे उभं राहायचं नव्हतं. आवणी आटोपल्यावर कमळामावशी घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "समाजमंदिराची किल्ली दे. तू नाय आलीस तरी आमी झाडून ठेवतो." मग गेलेच. चौदा जणी आल्या होत्या. मी वह्या वाटल्या, सगळ्यांना बसवलं, पण वळायला सांगायच्या आधी प्रत्येकीसमोर जाऊन विचारलं, "दुखतंय का कुठे?" एकजात सगळ्या म्हणाल्या, नाय. आमच्याकडे बायका पहिल्यांदा विचारल्यावर नाहीच म्हणतात. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं, डोळ्यात बघून. तेव्हा एकीने गुडघा सांगितला. एक म्हणाली, रात्री हाताला मुंग्या येतात. तिला मी बाजूला बसवलं आणि उद्या डॉक्टरकडे माझ्यासोबत यायचं म्हणून बजावलं. कमळामावशीला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली. "अगो मास्तरीण, किती येला इचारशील? मी बरी हाय!" आणि मग माझ्याकडे नीट बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "आन तुजा काय?"

मी म्हटलं, काही नाही. मला काय होतंय.

ती उठली. आधी पाय जवळ, मग पुढे झुकून. माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बस. कर बगू." मी बाकड्यावर बसले. हात छातीवर घेतले, श्वास सोडत उजवीकडे वळले. मधे आले. डावीकडे वळायला लागले, आणि जेमतेम दोन बोटं गेले असेन तोच मागून मावशीचा आवाज आला, "थांब."

मी थांबले. बाईंना त्या पलंगावर वळवत होते तेव्हापासून माझ्या डाव्या बरगडीखाली दुखतंय. दोन महिने झाले. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. माझंच कायतरी चुकत असेल, नीट केलं की जाईल, असं मीही धरून चालले होते.

"दुखतंय," मी म्हटलं. "इथे. दोन महिने."

"मग उद्या दोगी जावा डागदरकडं," मावशी म्हणाली आणि तिने माझ्या गुडघ्यांतली वही काढून घेतली.